भयपटाची पहिली तीन मिनिटं: घाबरवतं कोण, कॅमेरा की आवाज?

कसबेकर
मंडळी, मदत हवी आहे.

दिवाळीनंतर आम्ही चौघांनी मिळून चौदा मिनिटांचा एक भयपट केला. जागा म्हणजे आमच्या आत्याचा कसब्यातला वाडा. बाकीची बिऱ्हाडं केव्हाच गेली, आता आत्या एकटीच राहते. लाकडी जिना, काळोखं माजघर, ओसरीवर पितळी कड्यांचा झोपाळा, मागे आड. अशी जागा मागून मिळत नाही. परवा पंधरा जणांना बसवून दाखवला. शेवटाला लोक दचकले, पण पहिल्या तीन मिनिटांत एकही माणूस हलला नाही. दोघं तर मोबाइल बघत होते.

सुरुवात अशी आहे: ड्रोनने वरून वाडा दिसतो. वीज चमकते. लांब कुत्रं रडतं. व्हायोलिनचे ताणलेले सूर चालू असतात. मग दिंडी दरवाजा कुरकुरत उघडतो आणि कॅमेरा आत शिरतो. फोकस कुठे सुटलेला नाही, आवाज स्वच्छ आहेत. तरी भीती का उभी राहत नाही? चांगल्या भयपटांच्या सुरुवातीला नेमकं काय केलेलं असतं? पुन्हा चित्रीकरण करायची तयारी आहे, आत्याही हो म्हणाली आहे.

टिळकरोडवाली
रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर लिहिते.

तिखटमीठ
वीज, कुत्रं, व्हायोलिन आणि कुरकुरता दरवाजा. चौघांनी मिळून प्रेक्षकाला आधीच सावध करून टाकलं. सावध माणूस घाबरत नाही हो.

ट्रायपॉड
मी वीस वर्षं कॅमेऱ्यामागे उभा आहे. लग्नं, जाहिराती, मधूनमधून सिनेमे. म्हणून आधी ड्रोनबद्दल.

प्रत्येक शॉट घेण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: हे कोण बघतंय? वरून दिसणारा वाडा कोण बघतंय? कोणीच नाही. प्रेक्षक आरामात आभाळात बसलाय आणि वाडा खाली लहानसा दिसतोय. उंचावर बसलेल्या माणसाला खालच्या वाड्याची भीती कशाला वाटेल?

१९७८ सालच्या ‘हॅलोवीन’ची सुरुवात काढून बघ. जवळपास चार मिनिटं आपण कोणाच्या तरी डोळ्यांनी चालत असतो. घराला वळसा घालतो, खिडकीतून आत बघतो, स्वयंपाकघरात सुरी उचलतो, जिना चढतो. मग मुखवटा घातला जातो आणि पडद्यावर डोळ्यांची दोन भोकं तेवढी उरतात. पुढचं सगळं त्या भोकांतून दिसतं, सोबत श्वासाचा आवाज. शेवटी मुखवटा निघतो, तर समोर सहा वर्षांचा मुलगा. त्यासाठी पॅनाग्लाइड वापरलं होतं. अंगाला बांधायचा कॅमेरा, हादरे जिरवणारा. चाल माणसाची वाटते, पण पावलांचे धक्के बसत नाहीत. तेच विचित्र वाटतं. चालणारा माणूस असा तरंगत नाही.

पैसे नसतील तरी चालतं. ‘द ईव्हिल डेड’वाल्यांकडे (१९८१) असलं काही नव्हतं. त्यांनी लाकडी फळीवर कॅमेरा बसवला, दोन माणसांनी दोन टोकं धरली आणि रान तुडवत पळत सुटले. कॅमेरा जमिनीलगत, वेग माणसाचा नाही, दिशा नक्की. रानातून काहीतरी येतंय एवढं आपल्याला कळतं आणि ते काय आहे हे शेवटपर्यंत धड दिसत नाही.

प्रभातरोड
ट्रायपॉड, प्रतिसाद आवडला, पण एक हरकत. ‘द शायनिंग’ (१९८०) आकाशातूनच सुरू होतो. तळं, डोंगर, वळणावळणाचा रस्ता, एक पिवळी बीटल गाडी. सगळं हेलिकॉप्टरमधून, लख्ख दिवसाउजेडी. आणि माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

ट्रायपॉड
हरकत मान्य. तिथला कॅमेरा नीट बघा. तो गाडीच्या मागे लागतो, तिला गाठतो, आणि एकदा चक्क तिला सोडून बाजूला निघून जातो. त्याला स्वतःची मर्जी आहे. कसबेकरांचा ड्रोन नकाशा दाखवतोय, ते हेलिकॉप्टर पाठलाग करतंय. म्हणजे उंचीचा दोष नाही, हेतूचा आहे. माझं मघाचं वाक्य तेवढं दुरुस्त करतो.

ध्वनिका
त्यातलं निम्मं श्रेय मात्र आवाजाचं. ते हेलिकॉप्टरचे शॉट आवाज बंद करून बघा, पर्यटन खात्याची जाहिरात वाटेल. वेंडी कार्लोस आणि रेचेल एल्काइंड यांनी तिथे ‘डिएस इरे’ ही मध्ययुगीन चाल सिंथेसायझरवर वाजवली आहे. मृतांसाठीच्या प्रार्थनेतलं लॅटिन पद आहे ते. चित्रात सहल आणि कानात अंत्यविधी. दोन्ही एकच गोष्ट बोलत नाहीत, म्हणून पोटात गोळा येतो.

कसबेकर, तुमच्या सुरुवातीत चित्र म्हणतंय भीती, वीज म्हणतेय भीती, व्हायोलिनही तेच म्हणतंय. सगळे एका सुरात. प्रेक्षकाला स्वतः ओळखायला काही उरलंच नाही.

मी डबिंग आणि साउंड एडिटिंगचं काम करते. आमच्याकडे नव्या मुलाला पहिल्या दिवशी शिकवतात ते म्हणजे रूम टोन. शॉट झाला की सगळ्यांनी एक मिनिट गप्प उभं राहायचं आणि त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. प्रत्येक खोलीची वेगळी असते. पंखा, लांबचा रस्ता, फ्रिजची घरघर, भिंतीत मुरलेला दमटपणासुद्धा आवाज बदलतो. संवादांच्या खाली हा थर सतत चालू असतो आणि तो आहे हे कोणाला जाणवतही नाही. तो हळूच काढून घेतला की खुर्चीतला माणूस मान वर करतो. का केली ते त्याला सांगता येत नाही.

तुमच्या वाड्याचा रूम टोन घेतलाय का?

कसबेकर
नाही घेतला. खरं सांगायचं तर वाड्याचा असा कुठलाच आवाज त्या तीन मिनिटांत नाही. कुत्रं, वीज, दरवाजा, सगळे तयार आवाजांच्या लायब्ररीतले आहेत. दरवाजासुद्धा. आमचा दरवाजा कुरकुरत नाही.

रात्रपाळी
ध्वनिका यांच्या मुद्द्याला माझी साक्ष. भोसरीत रात्रपाळीला होतो तेव्हाची गोष्ट. शेडमध्ये मोठा कॉम्प्रेसर चोवीस तास चालायचा, धडधडधडधड. महिनाभरात कान त्याला इतके सरावतात की तो ऐकूच येत नाही. एका रात्री तीनच्या सुमारास तो बंद पडला. पन्नासेक माणसं होती, सगळ्यांचे हात एका क्षणी थांबले. कोणी काही बोललं नाही. कोणाच्या तरी हातातून पाना सुटला, त्या आवाजाने दोघं जण ओरडले. मी त्याआधी आणि त्यानंतर कामावर कधी असा घाबरलो नाही. घडलं काहीच नव्हतं, एक आवाज थांबला होता.

तिखटमीठ
रात्रपाळी, हे वाचून इथे दुपारी दोन वाजता माझ्या अंगावर काटा आला.

टिळकरोडवाली
आले. आपल्याकडच्या उदाहरणांशिवाय हा धागा पुढे जाऊ द्यायचा नाही.

‘वो कौन थी’, १९६४, राज खोसला. पावसाळी रात्र, डॉक्टर मनोजकुमार गाडी चालवतोय. रस्त्यात पांढऱ्या साडीत साधना उभी. ती गाडीत बसते आणि वायपर बंद पडतात. काचेवर नुसतं पाणी, पुढचं काही दिसत नाही, आणि ती मात्र त्याला रस्ता सांगत राहते. नेते कुठे, तर कब्रस्तानापाशी. वायपर चालू असताना आपल्यालाही त्यांचा ताल लागलेला असतो. तो तुटतो आणि त्याच क्षणी दिसणंही बंद होतं. एका बिघडलेल्या वायपरमध्ये कॅमेरा आणि आवाज दोघांचं काम झालं. ना किंकाळी, ना रक्त. माझ्या आईने लग्नाआधी पाहिला होता. पावसात गाडीत बसली की अजून वायपरकडे बघत बसते.

आणि ‘महल’ (१९४९). अगदी पहिल्या प्रसंगातलं नाही, पण सांगायलाच हवं. त्यातलं गाजलेलं गाणं कोणीतरी लांबून गात जवळ येतंय असं वाटायला हवं होतं. लताबाईंनी स्वतः सांगितलेली आठवण आहे, की माइक खोलीच्या मधोमध ठेवला होता आणि त्या कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत आल्या. आज कॉम्प्युटरवर अंतर तयार करता येतं. तेव्हा अंतर पायांनी चालून काढावं लागलं, आणि ते ऐकू येतं.

पिंपळपान
सर्वांचा मान राखून, मला हे पटत नाही. कॅमेरा आणि आवाज ही सजावट आहे. भीती गोष्टीत असते. नारायण धारपांनी याच पुण्यात बसून दोन पिढ्यांची झोप उडवली. त्यांच्याकडे कुठला कॅमेरा होता, कुठला स्पीकर होता? लाइट गेल्यावर आजी गोष्ट सांगायची तेव्हा तरी काय होतं? एक कंदील.

ध्वनिका
पिंपळपान, तुमच्या आजी गोष्ट सांगताना नेमक्या कुठे थांबायच्या ते आठवा बरं. आवाज कुठे खाली आणायच्या?

पिंपळपान
… आडाच्या काठाशी पोचल्यावर. आवाज इतका खाली यायचा की आम्ही सगळे पुढे सरकायचो.

ठीक आहे. अर्धा मुद्दा मागे घेतो. अर्धा ठेवतो.

रात्रपाळी
आणि कंदील म्हणजे लायटिंगच की! 😀

मुठाकाठ
अवांतर वाटेल, पण नाही. पुण्यातली सगळ्यात गाजलेली भुताची गोष्ट कुठली? शनिवारवाडा. ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं, आणि तेव्हापासून रात्री तिथे ‘काका, मला वाचवा’ ऐकू येतं म्हणतात. लहानपणी आम्हा सगळ्यांना ही गोष्ट माहीत होती. आता विचार करा, या गोष्टीत काही दिसतं का? पांढरी साडी नाही, उलटे पाय नाहीत. कोणीही ‘मी पाहिलं’ म्हणत नाही, ‘ऐकलं’ म्हणतात. अडीचशे वर्षं एक हाक टिकून आहे. आणि हाक कोणाला, तर ज्याच्यावर संशय त्याच काकाला. त्यामुळे पिंपळपान यांचा उरलेला अर्धा मुद्दाही खरा. नातं माहीत नसेल तर ती नुसती आरोळी आहे.

टिळकरोडवाली
मुठाकाठ, दंडवत घ्या. वाचनखूण साठवली.

प्रभातरोड
आवाजाची गोष्ट निघालीच आहे तर आपल्या घरचं उदाहरण. ‘कुंकू’, १९३७, प्रभात. भयपट नाही, शांता आपटेंच्या नीराची गोष्ट, म्हाताऱ्याशी फसवून लावलेलं लग्न. शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज तेवढे, आणि गाण्यांची साथसुद्धा त्या प्रसंगातच असलेल्या वस्तूंमधून, ग्रामोफोनमधून. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती आणि लोकांना जिकडेतिकडे वाद्यवृंद हवा होता, तेव्हाची ही हिंमत. त्या घरात जो कोंडमारा जाणवतो तो मी नंतर भल्याभल्या भयपटांत शोधला. जिथे हे झालं तो स्टुडिओ म्हणजे आजचं फिल्म इन्स्टिट्यूट. कसबेकर, तुमच्या घरापासून फार तर तीन-चार किलोमीटर. व्हायोलिन काढून टाका हो.

ट्रायपॉड
जिथे तिथे आवाजाचाच जयजयकार चाललाय, म्हणून एक प्रयोग सुचवतो. ‘जॉज’ची (१९७५) सुरुवात एकदा आवाज बंद करून बघा, एकदा डोळे मिटून ऐका. मग बोला.

तिखटमीठ
आत्ताच केलं. दोनदा.

आवाज बंद करून: रात्रीच्या समुद्रात एक मुलगी पोहतेय. मग खालून, पाण्यातून, तिचे पाय दिसतात. तिथे मला भीती वाटली, आवाज नसतानाही, कारण ट्रायपॉड म्हणाले तसं, खालून बघणारं कोण आहे हे मला माहीत होतं. मग ती ओढली जाते. मासा दिसतच नाही.

डोळे मिटून: ते दोन सूर. आधी लांब लांब, मग जवळजवळ. मग किंचाळ्या, पाणी, बोयाची घंटा. आणि मग सगळं एकदम शांत. ती शांतता डोळे मिटून ऐकवत नाही, मी डोळे उघडले.

माझं मत: खालून बघणारे डोळे कॅमेऱ्याने दिले, पण ते किती जवळ आलेत हे कानाने सांगितलं.

ट्रायपॉड
झकास. आणि मासा न दाखवण्यामागचं एक कारण सगळ्यांना ठाऊक आहे, यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा. नाइलाजाने लपवला आणि सिनेमा तरला. कसबेकर, तुझ्याकडे दाखवायला काय आहे यापेक्षा काय लपवता येईल ते बघ.

ध्वनिका
प्रयोगाला अनुमोदन. दोन उदाहरणं टाकून थांबते, ज्यांना बघायचं असेल त्यांनी जरूर बघा.

‘सस्पिरिया’ (१९७७): मुलगी विमानतळावरून बाहेर पडतेय. बाहेरचे सरकते दरवाजे उघडले की संगीत ऐकू येतं, मिटले की गायब. उघडले, पुन्हा संगीत. म्हणजे ते संगीत आपल्यासाठी वाजत नाही, ते बाहेर पावसात उभं आहे आणि ती त्याच्यात पाऊल टाकणार आहे.

‘द एक्सॉर्सिस्ट’ (१९७३): सुरुवात इराकमधल्या उत्खननात. अजान, कुदळी, लोहारांचे घाव. भर उन्हात कामाचे आवाज. मग म्हातारा पाद्री एका खोलीत बसलेला असताना भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक थांबतो. कोणी दचकत नाही, संगीत येत नाही. इतका वेळ ठोकाठोकीत कान भरून ठेवले होते, ते या एका थांबण्यासाठी.

आणि दचकवण्याबद्दल: १९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये रात्री एक बाई एकटी चालतेय, मागे कोणीतरी आहे, आणि एकदम फुस्स करून जे येतं ती बस असते. पुढे धंद्यात या युक्तीला निर्मात्याच्या नावावरून ‘ल्यूटन बस’ म्हणायला लागले. ती चालते कारण आधी मिनिटभर फक्त टाचांचा आवाज आहे.

रात्रपाळी
पीएमटीचा एअरब्रेक शनिपाराच्या बोळात रात्री अकराला असाच ऐकू यायचा. लहानपणी मी दर वेळी आईचा पदर धरायचो.

मुठाकाठ
‘तुंबाड’चं नाव अजून कोणी काढलं नाही? त्यातला वाडा आपल्या सासवडचा, पुरंदरे वाडा. मला त्यातला पाऊस आवडतो. पडतोच आहे, पडतोच आहे. पावसामागे दुसरं काही ऐकूच येऊ नये अशी सोय.

कसबेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन वेळा वाचलं सगळं. काल आणि आज पुन्हा चित्रीकरण केलं. सांगतो.

ड्रोन गेला. वीज, कुत्रं, व्हायोलिन गेलं. दरवाजाही गेला.

काल दुपारी रूम टोन घ्यायला माजघरात रेकॉर्डर ठेवला आणि सगळे बाहेर गेलो. ऐकलं तर त्यात कर्र… खट. कर्र… खट. आत्या ओसरीवर झोपाळ्यावर बसली होती, तिला आम्ही सांगायलाच विसरलो होतो. तो आवाज मी जन्मापासून ऐकतोय, म्हणून मला कधी ऐकूच आला नव्हता. रात्रपाळी, तुमचा कॉम्प्रेसर तो हाच.

आत्या दर दसऱ्याला कड्यांना तेल घालते. त्यामुळे आवाज बारीक येत होता. रॉकेलच्या बोळ्याने कड्या पुसून काढल्या, मग स्पष्ट आला.

आता सुरुवात अशी: कॅमेरा माजघरात जमिनीवर, पाटावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. हलत नाही. समोर उंबऱ्याशी आत्या मेथी निवडतेय. झोपाळा चित्रात नाही, ट्रायपॉडकाकांच्या सल्ल्याने तो पूर्ण बाहेर ठेवलाय. फक्त आवाज. कर्र… खट. जवळजवळ दीड मिनिट. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. आत्या मान वर न करता विचारते, ‘चहा टाकू का?’ उत्तर येत नाही. कर्र… खट. कर्र…

आणि आवाज थांबतो. आत्याचे हात चालूच.

आज संध्याकाळी त्याच पंधरांपैकी नऊ जणांना दाखवला. ‘चहा टाकू का’ला कोणी हललं नाही. आवाज थांबला तेव्हा माझ्या शेजारच्याने पाय खुर्चीवर वर ओढून घेतले. मोबाइल कोणाच्याच हातात नव्हता.

टिळकरोडवाली
वाचूनच पाय वर घेतले मी.

पिंपळपान
उत्तर न देणारा कोण आहे, हे पुढे कळतं ना? कळायलाच हवं. ते कळलं तर माझा पूर्ण मुद्दा मागे.

कसबेकर
कळतं, बाराव्या मिनिटाला. आत्याचे यजमान, माझे काका.

आणखी एक. आत्यालाही दाखवलं. तिने सगळं शांतपणे बघितलं आणि म्हणाली, ‘अरे, झोपाळा असा थांबत नाही. आपण उठलो की झोका लहान लहान होत जातो, आवाज बारीक बारीक होत जातो, मग थांबतो. हा एकदम थांबलाय. कोणीतरी पाय टेकवलाय.’

मी तो आवाज नुसता कापला होता, हा विचार माझ्या डोक्यातही नव्हता. आता वाटतंय बारीक करत न्यावा, म्हणजे खरा वाटेल. का तसाच ठेवू?

ध्वनिका
तसाच ठेवा! आत्यांनी तुम्हाला सिनेमा सांगितलाय. बघणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी झोपाळा पायाने थांबवलेला आहे, त्याला ते कारण कळेल, शब्दांत नाही कळलं तरी. त्यांना माझा नमस्कार सांगा.

फक्त फरशीवर पाय टेकल्याचा आवाज टाकू नका. आणि रूम टोनची फाइल पाठवा, त्या थांबण्याच्या जागी मी स्वतः जोडून देते.